मास्तरांची फिकट वॅगन-आर आणि बाकीच्या दोन

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही पाटणजवळच्या एका गावात राहतो. सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस असतं. एसटी त्यांना आता झेपत नाही. गावातली जीप सांगतो, एका फेरीला १,२०० रुपये जातात. मिस्टर कारखान्यात पाळीवर असतात, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीच लायसन काढलं. भिशीचे आणि पतसंस्थेतले मिळून अडीच लाख रुपये जमलेत. तीन गाड्या बघितल्या. पहिली २०१४ ची डिझेल डिझायर, दिल्ली पासिंग, १ लाख ९० हजार. दीर म्हणतात अ‍ॅव्हरेज बघा, हीच घ्या. दुसरी सांगलीच्या एका विक्रेत्याकडची २०१७ ची सेलेरिओ, मीटरवर ३१ हजार किलोमीटर, नव्यासारखी चमकते, २ लाख ४५ हजार. मिस्टरांना ती आवडली. तिसरी आमच्या ओळखीतल्या निवृत्त मास्तरांची २०१४ ची पेट्रोल वॅगन-आर, ८४ हजार चाललेली. रंग फिका पडलाय, एसी कमी गार करतो, मागच्या दाराला पोचा आहे. ते २ लाख २० हजार म्हणतात. दीर म्हणतात, एवढ्या म्हाताऱ्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा सोनं ठेवून अजून एक लाख काढा आणि चांगली घ्या. मला गाड्यांतलं काही कळत नाही. फसायची भीती वाटते. काय करू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गाड्यांतलं कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण मास्तरांच्या गाडीतले दोष तुम्ही तीन सांगितलेत आणि बाकीच्या दोन गाड्यांचा एकही नाही. त्या गाड्यांत दोष नाहीत असं नव्हे. ते तुम्हाला कुणी दाखवले नाहीत, एवढंच. मी वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या आणि पुरातल्या गाड्यांचे सर्व्हे केलेत. जिचे दोष मालक स्वतः सांगतो, त्या गाडीपासून मी कामाला सुरुवात करतो.

आधी सोन्याचं. ठेवू नका. ज्या घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, त्या घरातलं सोनं दवाखान्याच्या अडचणीसाठी राहू द्या. आणि तुमचं बजेटही अडीच लाख नाही. गाडीसाठी फार तर २ लाख ५ हजार आहेत. उरलेले ४५ हजार गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात लागणार आहेत. जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. सगळे पैसे किमतीत घालतात, मग गुळगुळीत टायरवर आणि जुन्या ऑइलवर वर्षभर फिरवतात, आणि शेवटी गाडी खराब निघाली म्हणतात. चार टायर १४ ते १६ हजार, बॅटरी चार-पाच हजार, ऑइल, फिल्टर, कूलंट, प्लग धरून सर्व्हिसिंग पाच-सहा हजार, ब्रेकचं काम तीन-चार हजार, विमा आणि नाव बदलायचा खर्च वेगळा. यातलं सगळंच लागेल असं नाही, पण निम्मं तरी लागतंच.

गाडी घेण्याचा तुमचा विचार मात्र बरोबर आहे. फेरीला १,२०० म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर जातात. जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर धरलं तर महिन्याला सहाशे किलोमीटर होतात. छोटी पेट्रोल गाडी लिटरला १७ देते असं धरा, तर पेट्रोल चार हजारांच्या आत बसतं. देखभाल आणि विमा धरूनही निम्मे पैसे वाचतात.

आता दिल्लीची डिझायर. दिरांचा हिशोब अ‍ॅव्हरेजचा आहे आणि तो खोटा नाही. तुमचं वर्षाचं चालणं नऊ हजार किलोमीटर धरलं, तर डिझेलमुळे वर्षाला १२ ते १५ हजार वाचतील. त्या गाडीचं इंजिनही मुळात चांगलं, टिकाऊ आहे. पण दहा वर्षं उलटलेल्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टरचा सेट एकदा कामाला आला, की दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात जाते. रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला हा धोका परवडतो. आठवड्याला दीडशे चालवणाऱ्याला परवडत नाही.

ती स्वस्त का आहे, हेही बघा. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंदी आली. तेव्हापासून तिकडचे मालक मुदत भरत आली की गाड्या बाहेरच्या राज्यांत काढू लागले. गाडी वाईट असते म्हणून नाही, तिकडे तिला भाव उरत नाही म्हणून. ती इथे कायम चालवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं, त्याचा फॉर्म २८. मग इथली नोंदणी, नवा नंबर, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. तो गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण डिझेलला आपल्याकडे पेट्रोलपेक्षा जास्त आहे. १ लाख ९० हजारांत हे धरलंय का, विचारा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं. आणि एनओसी हातात नसताना "महिन्याभरात येते" या शब्दावर पैसे दिले, तर गाडी दारात उभी राहते आणि आपण आरटीओत. ताई, ही गाडी सोडून द्या. दिरांना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांचं मन तुमच्या भल्याचंच आहे.

सांगलीच्या सेलेरिओबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण माझी खरी भीती तिचीच आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला, आणि त्याच जुलैत चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर मी दिवसच्या दिवस गाड्या तपासत होतो. डॅशबोर्डपर्यंत चिखल बसलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि मालकाला पैसे देते. ती गाडी मग भंगाराच्या भावात लिलावात जाते. लिलावात घेणारे सगळे भंगारवाले नसतात. काही जण ती धुतात, सीटा आणि कारपेट बदलतात, पॉलिश मारतात आणि दोन जिल्हे पलीकडे विकतात. माझ्याच मावसभावानं अशी एक घेतली. मी त्या वेळी परगावी होतो आणि त्यानं मला विचारलं नाही. पहिले पाच महिने उत्तम चालली. सहाव्या महिन्यात पॉवर स्टेअरिंग मध्येच बंद पडायला लागलं, मग रात्री हेडलाइट आपोआप विझायचे. वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज चढला होता. एक जोड साफ केला की आठवड्यात दुसरा बिघडायचा. पाण्यातली गाडी अशी हळूहळू बिघडते, आणि बिघाड कुठे आहे हे कुणालाच नीट सापडत नाही. कराडच्या वाटेवर, डायलिसिसहून थकून आलेला माणूस शेजारी बसलेला असताना, तुमच्यावर ही वेळ यावी असं मला अजिबात वाटत नाही.

तुम्ही बघितलेली सेलेरिओ पुरातली आहे असं मी म्हणत नाही. मी ती पाहिलेली नाही. पण ती बाजारभावापेक्षा बरीच खाली आहे, आणि एवढं खाली का, हे विक्रेत्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही. मिस्टरांचं मन तिच्यावर असेल, तर पुन्हा जाऊन या गोष्टी बघायला सांगा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पट्ट्याचा जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो, त्यावर चिखलाची रेघ किंवा डाग राहतो. पट्टा धुतला तरी ती रेघ पूर्ण जात नाही. पट्टा कोराकरकरीत नवा असेल, तर तो का बदलला ते विचारा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून खालची रूळपट्टी आणि बोल्ट बघा, तिथे गंज नको. डिकीतलं स्टेपनी उचला, तिच्याखालच्या खळग्यात गाळ बसतो. पायाखालचं कारपेट कोपऱ्यातून थोडं उचलून खालचा फोम हातानं दाबा आणि वास घ्या. गाडीत सुगंधी डबी लावलेली असेल तर आधी ती बाहेर काढून काचा बंद करून दहा मिनिटं थांबा.

आणि मीटर. मीटर मागे घेणं हा मिनिटांचा खेळ झालाय, म्हणून आकड्यावर न जाता गाडीवर जा. ३१ हजार चाललेल्या गाडीचे क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत होत नाहीत, स्टेअरिंगची कड चकाकत नाही, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू दबत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१७ म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. छोट्या गाडीचे टायर सहज चाळीस हजार जातात. मग ३१ हजारच चाललेल्या गाडीला चारही टायर नंतरच्या वर्षाचे का? याला खरं उत्तर असू शकतं, पण ते समोरच्याला देता आलं पाहिजे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती बाहेर फारशी कुणी सांगत नाही. मागच्या मालकाच्या नावची विमा पॉलिसी मागा आणि तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते वाचा. एक वर्ष क्लेम नसेल तर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. मालक तोच असताना, पाच-सहा वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य किंवा वीस दिसला, तर गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम घेतलेला आहे किंवा मध्ये विमा बंद पडला होता. कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विक्रेत्यानं जुनी पॉलिसी दाखवायला नकार दिला, तर चहा पिऊन निघा.

राहिली मास्तरांची वॅगन-आर. माझं मत तिच्याकडे झुकलंय, आणि त्याची कारणं इंजिनाच्या आधी सासऱ्यांपाशी आहेत.

डायलिसिस झाल्यावर बऱ्याचदा माणसाचं बीपी उतरतं, पाय लटपटतात. डिझायरच्या बसक्या सीटवर बसायचं म्हणजे गुडघे वाकवून खाली जायचं आणि उठताना कुणीतरी ओढायचं. वॅगन-आर उंच आहे. सीट जवळजवळ खुर्चीच्या उंचीला येते, त्यामुळे माणूस आधी टेकतो आणि मग पाय आत घेतो. छतही उंच असल्यानं तुम्हाला त्यांच्या काखेत हात घालून उभं राहायला जागा मिळते. गाडी बघायला जाल तेव्हा सासऱ्यांना घेऊन जा आणि त्यांनाच चार वेळा आत-बाहेर करू द्या. घरात घडीची चाकांची खुर्ची असेल, किंवा पुढे लागेल असं वाटत असेल, तर तीही डिकीत घालून बघा. याच कारणानं सीएनजी किटवाल्या गाडीला मी तुमच्यासाठी नको म्हणतो. डिकी टाकीनं भरते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, ते प्रमाणपत्र बऱ्याच जुन्या गाड्यांना नसतंच. तुम्ही नव्यानं चालवायला लागलाय, तेव्हा छोटी, मऊ क्लचची, चारी कोपरे दिसणारी गाडी तुम्हालाही सोयीची.

त्या गाडीतलं एक लीटरचं तीन सिलिंडरचं इंजिन साधं आहे. टायमिंगला चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पाटणलाच काय, कुठल्याही नाक्यावरच्या फिटरला ते तोंडपाठ असतं आणि पार्ट त्याच दिवशी मिळतो. तुमच्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या कंपन्यांनी भारतातला कारभार गुंडाळला, त्यांच्या गाड्या या बजेटमध्ये एक वर्ष नव्या आणि जास्त सोयींच्या मिळतील. पण एका सेन्सरसाठी आठवडाभर पुण्याकडे बघत बसायला तुम्हाला सवड नाही. डायलिसिसचा वार थांबत नाही.

८४ हजार हा आकडा मला चांगला वाटतो. दहा-अकरा वर्षांत एवढं चालणं अगदी बेताचं आहे. फार कमी चाललेली गाडी उलट उभी राहून खराब होते, तिचे रबर कडक होतात. फिका रंग म्हणजे ती उन्हात उभी होती, एवढंच. दाराचा पोचा तसाच ठेवलेला मला आवडला. लांबी भरून रंग मारून ते विकू शकले असते. तरी ओळख आहे म्हणून तपासणी सोडायची नाही. मास्तर खरं बोलत असतील, पण गाडीच्या आत काय चाललंय हे त्यांनाही माहीत नसू शकतं.

आपला फिटर घेऊन जा. मास्तरांच्या ओळखीचा नको आणि दिरांच्या मित्राचाही नको. ज्याला सौदा झाला काय आणि मोडला काय सारखंच, असा. त्याला सकाळच्या वेळेचे पाचशे-हजार रुपये द्या. आदल्या दिवशी मास्तरांना फोन करून सांगा, की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार असलं पाहिजे. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या चावीत लागलं पाहिजे. चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो. तो पेटलाच नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवलाय. चालू करताना एक जण सायलेन्सरपाशी उभा राहू दे. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय, आणि ही गाडी तिथेच सोडायची. पांढरा धूर गार सकाळी थोडा वेळ येतो, ती वाफ असते. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा येत असेल तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाच्या सायीसारखं काही चिकटलेलं नको. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं. आतलं पाणी गंजलेल्या तांबड्या रंगाचं असेल तर भावात धरा.

मग कोयनानगरच्या रस्त्याला चढावर न्या. एसी लावून, चार माणसं बसवून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपलीय. तापमानाचा काटा किंवा दिवा बघत राहा. उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. खराब रस्त्यावर रेडिओ बंद ठेवून खालून खडखड येते का ऐका. लिंक रॉड, बुश, शॉकअप ही कामं चार-सहा हजारांत होतात, त्यांना घाबरू नका. गिअर दातांत अडकून करकरत असेल किंवा धावताना आपोआप सुटत असेल, तर मात्र थांबा, ते काम मोठं आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, या तीनच ठिकाणी मी नाही म्हणतो. बाकी सगळं भावात बसवता येतं.

परत येताना गॅरेजच्या रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही बाजूंचे पत्रे, म्हणजे अ‍ॅप्रन, सरळ आहेत का, कंपनीची गोल ठिपक्यांची वेल्डिंग जागेवर आहे का, बोल्टांच्या डोक्यावरचा रंग पान्यानं खरवडलाय का, हे फिटरला दाखवायला सांगा. दाराचा पोचा चालतो. अ‍ॅप्रन किंवा पिलर, म्हणजे छताला आधार देणारा खांब, ओढून सरळ केलेला असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, नको. एसी कमी गार करतो म्हणता, तर गॅस कमी आहे की कॉम्प्रेसर गेलाय, हे एसीवाल्याला आधी बघू द्या. गॅसचं काम दोन-तीन हजारांचं, कॉम्प्रेसरचं त्याच्या कितीतरी पट.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. २०१४ च्या बहुतेक छोट्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, नसतात. एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधी ती वरच्या किंवा जादा पैशांच्या मॉडेलातच मिळायची. मास्तरांच्या गाडीत आहे का ते बघा. नसेल, आणि अशीच जुन्या मालकाची, एअरबॅगवाली गाडी दहा-पंधरा हजार जास्त देऊन मिळत असेल, तर ते पैसे जरूर घाला. तशी गाडी मिळाली नाही तर मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा आणि घाईत ओव्हरटेक करायचं नाही, असं पहिल्या दिवसापासून घरात ठरवा.

कागदांचं आता. जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा असतो, तसाच आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं तरी नोंद कमी केलेली नसते, असं फार वेळा दिसतं. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन मास्तरांनी तो आधी उतरवून घ्यावा. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, विमा कधीपर्यंत, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, हे दिसतं. मुदतीकडे नीट बघा. २०१४ ची गाडी २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होईल, त्या वेळी फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च येईल. त्यामुळे ही गाडी तोवरची धरून चाला. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी आकड्याला आकडा लावून बघा. थकलेली ई-चलनं मास्तरांना भरायला सांगा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती बसवलेली असली तर तुमची एक फेरी वाचेल. सर्व्हिसचं रेकॉर्ड मास्तरांना सोबत नेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून काढून घ्या. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात, त्यावरून ८४ हजाराचा खरेखोटेपणा तिथेच कळतो.

सौदा ठरला तर इसार पाच हजारांच्या वर देऊ नका, आणि पावतीवर लिहून घ्या की कागद आणि तपासणी बरोबर निघाली नाही तर इसार परत. भाव सांगताना मास्तरांना दुखवू नका. फिटरनं काढलेली कामं कागदावर मांडा, टायर एवढे, एसी एवढा, आणि २ लाखाच्या आसपास बोला. त्यांनाही गाडी चांगल्या घरी जावी असं वाटत असणार. बाकीची रक्कम चेकनं किंवा बँकेतून. त्याच दिवशी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि ताबा दिल्याची तारीख, वेळ, किलोमीटर लिहिलेलं डिलिव्हरी लेटर दोघांकडे.

नाव बदलायचं काम पुढे ढकलू नका. विकत घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. तेव्हा तुमच्या आळसाचा भार मास्तरांवर पडेल. विमाही चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. समोरच्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. मास्तरांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, म्हणून तुमचा हप्ता त्यांच्यापेक्षा जास्त येईल, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. गाडी हजार सीसीच्या आत असल्यानं सक्तीच्या थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सर्वांत कमी, म्हणजे २०२२ च्या दरानं २,०९४ रुपये आणि वर कर. पहिली दोन वर्षं पूर्ण विमा घ्या, तुम्ही नव्यानं चालवताय.

फिटरनं निळा धूर किंवा ओढलेला अ‍ॅप्रन दाखवला, तर मास्तरांची गाडीही सोडा आणि मला पुन्हा लिहा. अशी दुसरी शोधायची तर निवृत्त माणसं, नवी गाडी घेणारे शिक्षक, पतसंस्थेतले कर्मचारी यांच्यात विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलांनाही माहीत असतं, की कुणाची चांगली ठेवलेली गाडी विकायला निघालीय. महिना-दोन महिने जास्त लागले आणि जीपचे वीस हजार गेले, तरी चालतील.

आणि ताई, गाडी दारात आली तरी त्या जीपवाल्याचा नंबर खोडू नका. सणासुदीला त्याला फराळाचा डबा द्या. नवीकोरी गाडीसुद्धा एखाद्या सकाळी चालू होत नाही. तो दिवस डायलिसिसचा असला, तर पहिला फोन त्यालाच करायचा आहे.